तीन ठोके वाजेपर्यंत

वाचून झाल्यावर खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. मी भांडायला येणार नाही.

फक्त एवढं लक्षात ठेवा, मी पटकन विश्वास ठेवणारी बाई नाही. भिंत भक्कम आहे असं दहा जणांनी छातीठोकपणे सांगितलं तरी मी स्वतः हातोडी मारून बघते. पगार त्याचाच मिळतो मला.

आणि हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्राच्या बाबतीत नाही. गेल्या हिवाळ्यातला शुक्रवार. जागा म्हणजे नदीवरचा एक जुना बंधारा. वेळ दुपारची. ढगाळ होतं, पण दुपारच.

रात्र असती तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नदीत आडवी भिंत घालून पाणी बाजूच्या कालव्यात वळवतात. असे बंधारे आमच्या खात्याकडे ढिगाने आहेत. मी ते फिरून बघते. आधी प्रकार ठरवायचा... दगडी की काँक्रीटचा, दारांचा की बिनदारांचा. मग तब्येत ठरवायची. अ म्हणजे ठणठणीत. ब म्हणजे बरा. क म्हणजे दुरुस्ती हवी. आणि ड म्हणजे धोकादायक, फोडून टाका. डॉक्टर छातीवर बोटं वाजवून बघतात ना, तशी मी हातोडीने भिंत वाजवते. भरीव असेल तर खण्ण वाजते. आतून पोखरली असेल तर बद्द.

ऑफिसात मला हातोडीबाई म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

आता एक नियम सांगते. तो नीट ऐका.

बंधाऱ्याच्या पोटातून एक मोरी जाते. छोटा बोगदाच म्हणा. नदीच्या बाजूला तिला लोखंडी दार असतं. वरचं चाक फिरवून ते दार उचललं की तळाशी साठलेला गाळ पाण्याबरोबर मोरीतून निघून जातो. दुसऱ्या तोंडाला गजांची जाळी असते आणि तिला कुलूप. मोरीत तपासायला किंवा साफसफाईला एक जण उतरला की दुसऱ्याने वर चाकाशी उभं राहायचं. वरचं खाली ऐकू येत नाही, खालचं वर ऐकू येत नाही. म्हणून मोरीच्या आतून, बाहेरून आणि वर चाकापर्यंत एक लोखंडी पाइप नेलेला असतो.

वरचा त्याच्यावर एक ठोका मारतो. म्हणजे, आहेस का?

आतला दोन मारतो. म्हणजे, आत आहे.

बाहेर पडल्यावर तो बाहेरच्या टोकावर तीन मारतो. म्हणजे, निघालो, फिरव चाक.

तीन वाजल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. बाहेर साहेब येवो की साहेबाचा बाप येवो. आणि शेवटी बाहेर पडणाऱ्याने जाळीचं कुलूप दाबून लावायचं. हे आमच्यात लहान मुलांच्या पाढ्यांसारखं पाठ असतं.

मी तर हे घरीही चालू केलं होतं.

बाबा शेवटी पलंगाला खिळले होते. त्यांच्या खोलीतून स्वयंपाकघरात नळाचा एक जुना पाइप येतो. मी कामावरून आले की पाइपावर चमच्याने एक ठोका मारायचे. बाबा काठीने दोन मारायचे. आत आहे. मग मी चहा टाकायचे. एकदा हसत म्हणाले, "तीन वाजवले की समज, निघालो. मग रडत बसू नकोस, चाक फिरव."

मी म्हटलं, "गप बसा. चहा गार होतोय."

ते गेले तेव्हा मी दौऱ्यावर होते. शेजारच्या वहिनी होत्या जवळ. तीन वाजवले असतील तरी मी ऐकले नाहीत.

तेव्हापासून घर खायला उठतं. खरं सांगते, त्या दिवसांत मी लांबचे बंधारे मुद्दाम मागून घ्यायचे. घरी जायला जितका उशीर होईल तितकं बरं.

तर, तो शुक्रवार.

आमच्या ड्रायव्हरला सगळे घाई म्हणतात, कारण ती त्याला कधीच नसते. कामातल्या जोडीदाराची बदली झालेली, त्याच्या जागी कोणी दिलेलं नाही. त्यामुळे जीपमध्ये आम्ही दोघंच. बंधाऱ्यापाशी पोचलो आणि टायर बसला.

"स्टेपनी लावून पंक्चर काढून आणतो मॅडम," घाई म्हणाला. "हा गेलो आणि हा आलो."

म्हणजे अंधार पडेपर्यंत येत नाही, हे मी ओळखलं.

जीप गेली. आणि मला पहिल्यांदा जाणवलं...

काहीच ऐकू येत नव्हतं.

बंधाऱ्यावर आवाज असतो हो. पाणी भिंतीवरून सांडतं, कुठेतरी झिरपतं, पाखरं ओरडतात. इथे नदी भरून उभी होती आणि गप्प होती. भिंतीवरून पाण्याचा पातळ पदर उतरत होता, तोही आवाज न करता.

काठावर एका खोलीचं क्वार्टर होतं. दारात एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, पण काटक. खात्याचा खाकी कोट अंगात. कोट तिच्या मापाचा नव्हता. चाक सांभाळायची नोकरी तिच्याकडेच होती.

"या," ती म्हणाली. "माणूस आला म्हणायचं. मला वाटलं, विसरले आम्हाला."

आम्हाला, म्हणाली ती.

आत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला आरसा. दाराशी गमबुटांचे दोन जोड. एक तिचा, चिखलाने माखलेला. दुसरा मोठा, पुरुषाचा, पुसून लख्ख ठेवलेला. तिने तीन कप चहा ओतला. एक मला दिला, एक स्वतः घेतला, तिसऱ्यावर बशी झाकून ठेवली.

"काका कुठे गेलेत?" मी विचारलं.

"आत आहेत," ती म्हणाली.

क्वार्टरला दुसरी खोली नव्हती. मी म्हटलं, असतील इथेच कुठेतरी. परक्याच्या घरात किती चौकशा करायच्या?

चहा पिऊन कामाला लागले. भिंत दगडी, जुन्या माणसांनी मन लावून बांधलेली. हातोडी मारावी तिथे खण्ण. मला बरं वाटलं. मग डाव्या काठाला गेले, जिथे भिंत जमिनीत शिरते...

बद्द.

पुन्हा मारली. बद्द. वर मारली, खाली मारली. बद्द, बद्द. आणि वरपासून खालपर्यंत एक तडा, माझा हात जाईल एवढा. तड्यापलीकडे उतारावर घरांची रांग होती. दोरीवर कपडे वाळत होते, एका अंगणात तीनचाकी सायकल पडली होती.

मी साहेबांना फोन लावला.

"मॅडम, सोमवारी वरच्या धरणातून पाणी सुटतंय," साहेब म्हणाले. "त्या बंधाऱ्याचं दार उघडतं ना? दार उघडलं तर पाणी मोरीतून जाईल, भिंतीवर जोर येणार नाही. मग क देऊ, सावकाश दुरुस्ती करू."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर ड टाका. उद्याच यंत्र पाठवून दार फोडून काढतो. घरं वाहून गेली तर तुमची-माझी धडगत नाही."

उंटावरून शेळ्या हाकायला साहेबांचं काय जातं! पण बोलणं बरोबर होतं.

मी चाकाशी गेले आणि थबकले. इतक्या जुन्या बंधाऱ्याचं चाक गंजून घट्ट झालेलं असतं. हे तेलाने न्हालं होतं. दांड्याला ताजं वंगण. गंजाचा ठिपका नाही. पण चाकाला पुरुषाच्या स्वेटरची बाही करकचून बांधलेली होती, आणि दारामागे गाळ पार वरपर्यंत साचला होता. म्हणजे चाकाला रोज तेल घातलं जात होतं आणि ते कधीच फिरवलं जात नव्हतं.

"काकू, दार उघडून बघायचंय," मी म्हटलं.

"आज नको."

"अहो, सोमवारी पाणी येतंय."

"हे आत आहेत," काकू शांतपणे म्हणाली. "अजून तीन वाजवले नाहीत त्यांनी."

मी चाकापासून मागे सरले.

"कधी गेले आत?"

ती नदीकडे बघत म्हणाली, "आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. आता तिचा मुलगा शाळेत जातो."

मग तिने सांगितलं. मोरीत झाडाची फांदी अडकली होती. खात्याकडून दुसरा माणूस कधी मिळायचाच नाही, म्हणून काका आत उतरायचे आणि काकू चाकाशी उभी राहायची. त्या दिवशीही तसंच. तिने एक ठोका मारला, दोन आले. थोड्या वेळाने पुन्हा मारला, पुन्हा दोन. दुपार गेली. दिवेलागण झाली. ती एक मारायची, खालून दोन यायचे. शेवटी ती खाली धावली. जाळी उघडी होती, कुलूप लटकत होतं. बॅटरी मारली तर मोरी रिकामी. फांदी ओढून बाजूला ठेवलेली, शेजारी गमबूट. माणूस नाही.

"लोक म्हणाले, वाहून गेला. दार बंद होतं हो! पाणीच नव्हतं तर वाहील कसा? कोणी म्हणालं, पळून गेला. म्हटलं, गमबूट काढून अनवाणी पळाला?"

"मग तुम्ही..."

"वर आले आणि एक ठोका मारला," ती म्हणाली. "दोन आले."

मला तिची कीव आली आणि रागही आला. इतकी वर्षं एकटीने राहिलं की माणसाला काय काय ऐकू येतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"काकू, दार उघडलं नाही तर उद्या यंत्र लावून फोडतील."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ते आत असताना?"

"आत कोणी नाही!" मी जरा जोरातच बोलले. "ही बघा हातोडी. हा मारला ठोका."

आणि मी पाइपावर मारला एक.

ठण्ण.

आवाज खाली गेला. विरला. मी तिच्याकडे वळून "बघा" म्हणणार...

ठण्ण... ठण्ण.

दोन.

काकू माझ्याकडे बघून मायेने हसली. "मी वेडी नाही गं," म्हणाली.

मी डोकं लढवलं. प्रतिध्वनी? एका ठोक्याचा एकच येतो, आणि तो मंद असतो. पाण्याचा दाब? पाइपात पाणीच नाही. थंडीने लोखंड आवळतं, कडकडतं? असेल. असेलही. पण असं मोजून, मध्ये श्वास घेतल्यासारखं थांबून?

शेवटी म्हटलं, "किल्ली द्या. मी आत जाऊन बघते."

आता तुम्ही म्हणाल, हिला काय भलती अवदसा आठवली. पण माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. मोरी रिकामी आहे हे मी डोळ्यांनी बघून सांगितलं असतं तरच तिने चाक फिरवलं असतं. नाहीतर सकाळी यंत्र. किंवा सोमवारी ती घरं.

मी तिला बजावलं, "मी बाहेर आले की वर येऊन तोंड दाखवेन. मी तीन वाजवणार नाही. कळलं? तीन वाजले तर ते माझे नसतील."

"तुमचे कशाला असतील," काकू म्हणाली. "त्यांचे मी ओळखते."

जाळीचं कुलूप मी कडीला उघडंच लटकवलं आणि वाकून आत शिरले.

मोरी म्हणजे कमरेत वाकून चालायची जागा. दोन खोल्यांएवढी लांब. बॅटरीच्या उजेडात भिंती काळ्या, कोरड्या. शेवाळसुद्धा नाही. पायाखाली वाळलेला गाळ, सारवल्यासारखा सपाट. मागे वळून बघितलं तर माझ्या बुटांचे ठसे. पुढे एकही नाही. उंदराचासुद्धा नाही.

टोकाला दार. पलीकडे सगळी नदी टेकलेली. आणि दारातून एक थेंब गळत नव्हता. इतकी वर्षं मी हे काम करते, पण न गळणारं जुनं दार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कोणी नव्हतं. हुश्श केलं मी. म्हटलं, चला, झालं.

तेवढ्यात वरून...

ठण्ण.

काकू विचारत होती, आहेस का?

मी हातोडी उचलली. पाइपाकडे नेली. अजून टेकवलीही नव्हती...

ठण्ण. ठण्ण.

माझ्या शेजारी. अगदी खांद्याशी.

बॅटरी पाइपावर मारली. पाइप गंजून लाल झाला होता. फक्त एका जागी, वाकलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, तळहाताएवढा तुकडा घासून चकचकीत झालेला. आणि तो तुकडा अजून थरथरत होता.

माझी बोबडी वळली.

पण एक सांगते, कुणाला सांगितलं नाही ते. भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. मला हेवा वाटला. त्या बाईने विचारलं आणि कोणीतरी उत्तर दिलं. मी रोज कुलूप उघडून घरात शिरते आणि पाइपाकडे न बघता चहा टाकते. माझ्या एका ठोक्याला उत्तर द्यायला कोण आहे?

मग डोक्यात आलं, बाहेर जाऊन आपणच तीन वाजवावेत. म्हणावं, मी नाही वाजवले. काकू चाक फिरवेल. तिची सुटका, घरांची सुटका, माझी सुटका.

पण खोटे तीन वाजवणं म्हणजे आमच्यात माणूस मारण्यासारखं आहे. हातून झालं नाही माझ्या.

वरून पुन्हा एक ठोका आला.

या वेळी शेजारून उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली. काहीच नाही... जणू कोणीतरी माझीच वाट बघत होतं.

बिचारी काकू वर घाबरली असेल. मी हातोडी उचलली आणि खरं तेच वाजवलं.

ठण्ण. ठण्ण. आत आहे.

आणि लगेच, त्याच लयीत, माझ्या पाठीमागून...

ठण्ण.

तिसरा. मोरीच्या तोंडाकडून. बाहेरच्या टोकावरून.

आणि मग दार कण्हलं.

वर चाक फिरत होतं.

काकूने तीन ऐकले होते. इतक्या वर्षांनी तीन! मी आत आहे हे ती साफ विसरली. तिच्या जागी मी असते तर माझ्याही लक्षात राहिलं नसतं.

दाराखालून काळ्या गाळाची जीभ बाहेर आली. मग पाण्याची धार, मग लोंढा. मी वाकून पळाले. डोकं आपटलं, बॅटरी पडली, पाणी गुडघ्यापर्यंत आलं. उजेडाचा चौकोन समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता. पाय घसरला, मी पडले. नाकातोंडात गाळ गेला. आता संपलं, असं स्पष्ट वाटलं. मला रडणारंसुद्धा कोणी नाही, हेही वाटलं.

आणि कोणीतरी माझी बाही धरून ओढलं.

जोरात, वैतागून ओढावं तसं. मी काठावर पालथी पडले. मागे मोरीतून नदी गर्जत बाहेर पडत होती. त्या अख्ख्या दुपारभरात नदीचा तो पहिला आवाज.

काकू धावत खाली आली. "अगं बाई! तुम्ही आत होतात! मेले मी, मला भानच राहिलं नाही!" माझ्या तोंडावरचा गाळ ती पदराने पुसत होती, रडत होती, हसत होती. "तीन वाजवले हो त्यांनी! आणि चाक कसं हलकं लागलं... दोघांनी फिरवावं तसं!"

मी तिला सांगायला तोंड उघडलं, की त्यातले दोन माझे होते. पण तिची नजर माझ्या मागे गेली होती.

मी वळून बघितलं.

जाळी बंद होती. गजांमधून पाणी उसळत होतं. आणि कुलूप...

कुलूप दाबून लावलेलं होतं.

ते मी उघडं लटकवलं होतं. काकू वर चाकाशी होती. तिथे तिसरं कोणी नव्हतं. आणि नियम तुम्हाला सांगितलाच आहे, शेवटी बाहेर पडणाऱ्याने लावायचं.

"सवयच आहे त्यांना," काकू म्हणाली.

मी दोन वाजवल्याचं मी तिला सांगितलं नाही. अजूनही नाही.

दिवस मावळताना घाई आला. मला गाळात लडबडलेली बघून म्हणाला, "मॅडम, पोहायला उतरला होतात की काय?" जीप निघाली. बंधाऱ्याला क दिला. सोमवारी पाणी आलं आणि मोरीतून निघून गेलं. त्या घरांतल्या लोकांना पत्तासुद्धा नाही.

काकूला मुलगी घेऊन गेली. महिन्याभराने काकूचा फोन आला. म्हणाली, "निघायच्या आधी रोज एक ठोका मारून बघायचे. उत्तर आलं नाही. सुटले हो ते. बरं झालं." मग म्हणाली, "पण करमत नाही बघा."

मी फोन ठेवला. संध्याकाळ होती. स्वयंपाकघरात उभी होते. काय वाटलं कोण जाणे, चमचा उचलला आणि नळाच्या पाइपावर मारला.

एकच.

बाबांच्या खोलीला कुलूप असतं. आत पलंग आहे, काठी कोपऱ्यात उभी आहे.

मी हसले स्वतःला. चहाचं आधण ठेवायला वळले...

ठण्ण. ठण्ण.

मी खाली बसून ढसाढसा रडले. सुखाने रडले, खोटं कशाला बोलू.

आता रोज वाजवते. कामावरून थेट घरी येते, लांबचे दौरे बंद केले. वाजवते, आणि उत्तर येतं. मग दोन कप चहा टाकते.

पण मी हातोडीबाई आहे. आवाज ओळखण्यावर माझं पोट आहे.

बाबा काठीने वाजवायचे. लाकूड लोखंडावर पडलं की बसका आवाज येतो. थकलेल्या हाताचा, एक जोरात तर एक हळू.

हा आवाज तसा नाही. हा लोखंडावर लोखंडाचा आहे. मोजून मारलेला. मध्ये श्वास घेतल्यासारखा थांबणारा.

खोली उघडून बघायचा धीर मला अजून झालेला नाही. वाजवायचं थांबवावं, तर तेही होत नाही. कधी तीन वाजले तर काय, या विचाराने पाचावर धारण बसते. आणि कधी काहीच वाजलं नाही तर, या विचाराने त्याहून जास्त.

आमच्या इमारतीतले सगळे जुने पाइप बदलायला काढलेत. प्लंबर काल येऊन गेला, आज सकाळी पुन्हा आला. बाबांच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, तेवढी एक लाइन राहिलीय. उघडता का?"

मी दारात आडवी उभी राहिले.

"आज नको," म्हटलं. "आत आहेत."